हद्द कोणाची? कॉसमॉस बँकेवरच्या दरोड्याचा घटनाक्रम

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून 94 कोटी 42 लाख रुपये चोरीला गेले. चोरी दोन घावांत झाली. पहिला घाव शनिवारी दुपारी बसला आणि दुसरा सोमवारी सकाळी साडेअकराला. मधे साडेचव्वेचाळीस तास गेले.

पुढे पोलिसांनी चिकाटीनं तपास केला, अटका झाल्या, शिक्षाही झाल्या. पण पैसा वाचवण्याची वेळ त्या साडेचव्वेचाळीस तासांतच होती. त्या काळात पुण्यातली बँक, कोल्हापुरातली एटीएम केंद्रं, कार्डांचं जाळं चालवणाऱ्या कंपन्या आणि अमेरिकेतली तपास संस्था यांच्यापैकी प्रत्येकाला घटनेचा थोडाथोडा भाग दिसत होता. सगळा भाग एकत्र पाहू शकेल असा मात्र कुणीच नव्हता. म्हणून तो काळ तासागणिक पाहायला हवा.

शुक्रवार, 10 ऑगस्ट 2018
पहिल्या घावाला एक दिवस

अमेरिकेची एफबीआय ही संस्था त्या दिवशी बँकांना एक गोपनीय इशारा पाठवते. येत्या काही दिवसांत गुन्हेगार जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी रोकड उपसण्याच्या बेतात आहेत, आणि कार्ड देणाऱ्या कुठल्या तरी संस्थेत त्यांनी आधीच शिरकाव केलेला असावा, असा त्याचा आशय आहे. बँकेचं नाव त्यात नाही, देशाचंही नाही.

इशारा खरा ठरणार आहे. पण तो बँकांपुरता आहे. कोल्हापूर किंवा इंदूरच्या एटीएमसमोरून रात्रीची गस्त घालणाऱ्या पोलिसापर्यंत तो पोहोचेल अशी वाटच नाही.

सुटीच्या तोंडावर घाव घालण्याची ही रीत नवी नव्हती. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर हल्ला झाला तो गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात सुटी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये सुटी, आणि सोमवारी चिनी नववर्षामुळे मनिलात सुटी. चोरांनी 95 कोटी 10 लाख डॉलरच्या मागण्या पाठवल्या आणि त्यातले 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. फेब्रुवारी 2018 मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेतून सुमारे 20 लाख डॉलरचे तीन खोटे आदेश परदेशी गेले होते. त्याला सहा महिनेच झाले होते.

शनिवार, 11 ऑगस्ट, सकाळी 10
दुसऱ्या घावाला उरले साडेएकोणपन्नास तास

महिन्यातला हा दुसरा शनिवार आहे. 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. शिवाय आषाढी अमावास्या आहे. घराघरांत दिवे घासूनपुसून त्यांची पूजा चाललेली आहे आणि उद्यापासून श्रावण लागणार आहे. बँकेच्या शाखा बंद आहेत. चालू आहेत ती फक्त यंत्रं.

कॉसमॉस ही 1906 मध्ये पुण्यात सुरू झालेली बँक. नागरी सहकारी बँकांमध्ये ती देशात दुसऱ्या क्रमांकाची मोठी. निवृत्तांच्या ठेवी, लहान व्यापाऱ्यांची खाती, सोसायट्यांचे पैसे असा तिचा पसारा आहे. सहकारी बँक म्हणजे ज्यांचे पैसे त्यांचीच संस्था. तिला बसलेला घाव शेवटी भागधारकांनाच सोसावा लागतो.

चोर आत शिरलेले आहेत, पण ते तिजोरीजवळ गेलेले नाहीत. त्यांनी हात घातला आहे तो एटीएमच्या स्विचला. एरवी कुणी यंत्रात कार्ड घातलं, की प्रश्न कार्डाच्या जाळ्यातून बँकेच्या स्विचकडे येतो. स्विच बँकेच्या मूळ हिशेबाला विचारतो, शिल्लक आहे का. उत्तर आलं की यंत्र नोटा देतं. चोरांनी या वाटेवर स्वतःचा खोटा स्विच बसवला. साहेबांच्या खोलीत न जाताच दारातून ‘साहेब हो म्हणाले’ असं सांगणाऱ्या शिपायासारखं त्याचं काम. त्यांच्या बनावट कार्डांचा प्रश्न बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोहोचणारच नाही आणि उत्तर प्रत्येक वेळी होकाराचंच मिळणार.

अमेरिकी यंत्रणांनी याच पद्धतीच्या हल्ल्यांबद्दल जाहीर सूचना काढली ती 2 ऑक्टोबर 2018 ला, म्हणजे सात आठवड्यांनी.

शनिवार, दुपारी 3
उरले साडेचव्वेचाळीस तास

उपसा सुरू होतो.

पुण्यात दुपारचे तीन वाजलेले असतात तेव्हा लंडनमध्ये सकाळचे साडेदहा झालेले असतात, मॉस्कोत साडेबारा आणि न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेपाच. या सगळ्या घड्याळांवर माणसं एटीएमसमोर उभी आहेत. हातातल्या कार्डांवर कॉसमॉसच्या खऱ्या ग्राहकांचे क्रमांक उतरवलेले आहेत. परदेशात व्हिसाच्या जाळ्यातून आणि भारतात रुपेच्या जाळ्यातून एकामागून एक मागण्या येत राहतात.

पुढे पोलिसांत नोंदवलेल्या तक्रारीत उपशाची वेळ दुपारी 3 ते रात्री 10 अशी आहे. पुढे परदेशी व्यवहारांचा हिशेब लागला तेव्हा तो सगळा उपसा 2 तास 13 मिनिटांत आटोपल्याचं सांगितलं गेलं. वेळ कुठलीही धरली तरी एक गोष्ट बदलत नाही. हा सगळा प्रकार दोन पोलीस ठाण्यांमध्ये एखादं पत्र पोहोचायला लागतो त्याहून कितीतरी कमी वेळात संपला.

पुढचा अर्धा तास

पुण्यातल्या मुख्यालयात त्या दुपारी व्हिसाकडून संदेश येऊ लागतात. तुमच्या कार्डांवर मोठ्या रकमांच्या मागण्यांचा पूर लोटला आहे, असं ते सांगतात. ड्यूटीवरची माणसं आपली यंत्रणा तपासतात. तिथे काहीच वावगं दिसत नाही, आणि दिसणार तरी कसं? ते व्यवहार मूळ हिशेबापर्यंत आलेलेच नाहीत. कुठल्याही खात्याची शिल्लक कमी झालेली नाही, त्यामुळे एखाद्या ग्राहकाचा घाबरून फोन येण्याचंही कारण नाही.

सुमारे अर्ध्या तासानं, खबरदारी म्हणून, सगळी कार्डं थांबवायला बँक व्हिसाला सांगते. निर्णय बरोबर होता. पण मधला अर्धा तास फार महागात पडला.

या अर्ध्या तासाचा दोष त्या दुपारी कामावर असलेल्या माणसांवर टाकणं अन्यायाचं होईल. त्यांच्यासमोर दोन साक्षी होत्या. बाहेरची कंपनी म्हणत होती चोरी चालू आहे, आणि आपली यंत्रणा म्हणत होती सगळं ठीक आहे. अशा वेळी तिसरी साक्ष लागते, आणि ती रस्त्यावर होती. कोल्हापुरातल्या एका एटीएमसमोर एकच माणूस कार्डामागून कार्ड घालतो आहे, एवढं कुणी पुण्याला कळवलं असतं तर शंकेला जागा उरली नसती. तसं कळवायला कुणीच नेमलेलं नव्हतं.

त्याच दुपारी, कोल्हापूर

भारतात रुपे कार्डांवर सुमारे 2,800 व्यवहारांतून अडीच कोटी रुपये निघाले. त्यातलं मोठं प्रकरण कोल्हापूरचं. तिथल्या टोळीनं 95 बनावट कार्डं वापरून सुमारे 89 लाख रुपये काढले. मुंबई आणि इंदूर इथूनही पैसे निघाले.

आता हेच दृश्य कोल्हापूरच्या पोलिसाच्या जागी उभं राहून पाहा. एक माणूस एटीएममध्ये शिरतो, पिन टाकतो, यंत्र नोटा देतं, तो बाहेर पडतो. यंत्राची मोडतोड नाही आणि तक्रारदारही नाही. ज्या बँकेचं ते एटीएम, तिचं नुकसान नाही, कारण तिला तिचे पैसे कॉसमॉसकडून मिळणार आहेत. कोल्हापूरच्या हद्दीत गुन्हा झाल्याची कुठलीही खूण नाही. त्या शहरातच शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी अशी वेगवेगळी ठाणी आहेत. टोळी गल्ली बदलते तेव्हा हद्दही बदलते आणि मागच्या ठाण्याचा संबंध संपतो.

हद्दी ओलांडून होणाऱ्या फसवणुकीचं हेच मूळ आहे. ज्याचं नुकसान झालं तो एका शहरात, रोकड दुसऱ्या शहरात, कार्ड बनवणारा तिसऱ्या शहरात आणि हुकूम देणारा देशाबाहेर. ज्या हद्दीत नुकसान झालं तिथे चोर दिसत नाही, आणि ज्या हद्दीत चोर उभा आहे तिथे नुकसानीची खबर नसते.

एटीएमसमोर उभी असलेली माणसं सराईत नव्हती. महाराष्ट्र सायबरचे तत्कालीन प्रमुख ब्रिजेश सिंह यांनी पुढे बीबीसीला सांगितल्याप्रमाणे अटक झालेल्यांत एक वेटर होता, एक चालक, एक चपला-बूट शिवणारा, तर एक औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर. काहींना सिनेमात किरकोळ काम असल्याचं सांगून आणलेलं होतं, आणि काम काय तर एटीएममधून पैसे काढायचे. एका टोळीचा म्होरक्या प्रत्येक व्यवहार लॅपटॉपवर जागच्या जागी पाहत होता. कुणी दोन नोटा खिशात घालायला गेला तर म्होरक्यानं त्याच्या थोबाडीत मारल्याचं सीसीटीव्हीत दिसलं.

चोरांना दूरवरच्या यंत्रावरचा प्रत्येक व्यवहार त्याच क्षणी दिसत होता. ती सोय बँकेला नव्हती आणि पोलिसांनाही नव्हती.

शनिवार, रात्री 10
उरले साडेसदतीस तास

पहिला घाव संपतो. परदेशात सुमारे 12,000 व्यवहारांतून 78 कोटी रुपये गेलेले आहेत. अमेरिका, ब्रिटन, रशिया, संयुक्त अरब अमिराती यांच्यासह एकूण 28 देश त्यात आहेत. देशातले अडीच कोटी धरले तर आकडा साडेऐंशी कोटींवर जातो.

28 देश म्हणजे 28 कायदे, 28 पोलीस दलं आणि त्यांच्या आत शेकडो ठाणी. त्या प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत फार तर काही लाखांची रोकड हलली, तीही कुणाच्या तक्रारीविना. साडेऐंशी कोटींचा दरोडा कुठल्याही एका हद्दीत झालाच नव्हता. सगळ्या हद्दींची बेरीज केली तरच तो दिसतो.

रविवार, 12 ऑगस्ट, दुपार
उरला जेमतेम एक दिवस

श्रावणाचा पहिला दिवस. संशयास्पद व्यवहारांची पूर्ण यादी व्हिसा बँकेला देते. शनिवारी जी शंका होती ती आता आकड्यांत समोर उभी राहते. त्याच दिवशी अमेरिकेतले पत्रकार ब्रायन क्रेब्स एफबीआयचा शुक्रवारचा इशारा जगजाहीर करतात. ज्या घटनेची भाकीत म्हणून बातमी होते आहे, ती पुण्यात आदल्या दिवशी होऊन गेलेली आहे.

सगळ्या घटनाक्रमात सर्वात मोलाचे तास हेच होते. चोर बँकेच्या यंत्रणेत आहे हे आता नक्की झालं होतं. कार्डं बंद झाली होती, म्हणजे एक दार लागलं होतं. अशा वेळी अनुभवी तपास अधिकारी पहिला प्रश्न विचारतो की चोराला अजून किती दारं ठाऊक आहेत. परदेशी पैसे पाठवण्याचे आदेश ज्या स्विफ्ट यंत्रणेतून जातात, ते दार उघडं होतं. ढाक्याला चोर त्याच दारातून शिरले होते, कुंभकोणमलाही. त्या दोन प्रकरणांचा अभ्यास असलेला माणूस रविवारी दुपारी पुण्यातल्या टेबलाशी बसलेला असता तर दुसरा घाव नक्की चुकला असता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण स्विफ्टचा प्रश्न त्यानं विचारला असता, आणि सोमवार सकाळपर्यंत उत्तर शोधायला वेळ होता.

तपास म्हणजे गुन्हा संपल्यावर सुरू होणारं काम, अशी आपली समजूत आहे. आर्थिक फसवणुकीत ती फार नुकसान करते, कारण पहिला व्यवहार होतो तेव्हा गुन्हा नुकता सुरू झालेला असतो.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळी 11.30
उरले शून्य तास

पहिला श्रावणी सोमवार. बँका उघडल्या आहेत. हाँगकाँगमध्ये दुपारचे दोन वाजले आहेत आणि तिथलेही व्यवहार चालू आहेत. कॉसमॉसच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यावर पैसे पाठवण्याचे आदेश निघतात. खातं ‘एएलएम ट्रेडिंग लिमिटेड’ या कंपनीच्या नावावर आहे. रक्कम 13 कोटी 92 लाख रुपये.

या वेळी रोकड नाही, बनावट कार्डं नाहीत, एटीएमसमोरची माणसं नाहीत. यंत्रणेच्या आतून गेलेले आदेश पुरले. साडेऐंशी कोटींत हे मिळवले की एकूण आकडा 94 कोटी 42 लाखांवर पोहोचतो.

मंगळवार, 14 ऑगस्ट

पुण्यातल्या चतुःशृंगी पोलीस ठाण्यात हाँगकाँगची ती कंपनी आणि अनोळखी इसमांविरुद्ध गुन्हा नोंदवला जातो. पहिल्या घावाला तेव्हा तीन दिवस होत आलेले असतात. बँकेचे अध्यक्ष मिलिंद काळे ठेवीदारांना धीर देतात की कुणाच्याही खात्यातली रक्कम गेलेली नाही. नुकसान बँकेचं आहे. खबरदारी म्हणून बँकेची एटीएम आणि ऑनलाइन सेवा काही दिवस बंद राहतात.

इथून पोलिसांचं घड्याळ सुरू होतं. चोरांचं घड्याळ तोवर थांबलेलं होतं.

पुढचे आठवडे

राज्य सरकार विशेष तपास पथक नेमतं. पुण्याची सायबर शाखा, महाराष्ट्र सायबर आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतले पोलीस एकत्र कामाला लागतात. जे शनिवारी व्हायला हवं होतं ते आता होतं, आणि चांगलं होतं. त्याचं श्रेय त्या पोलिसांना दिलंच पाहिजे.

काम कसं चालतं तेही पाहू. आधी कार्डाच्या जाळ्याकडून प्रत्येक व्यवहाराची वेळ आणि यंत्राचा क्रमांक मिळवायचा. मग ते यंत्र कुठल्या शहरात, कुठल्या बँकेचं, कुठल्या ठाण्याच्या हद्दीत, हे ठरवायचं. त्या बँकेकडून सीसीटीव्हीचं चित्रण मागवायचं, तेही लवकर, कारण ठरावीक मुदतीनंतर ते पुसलं जातं. मग त्या वेळी त्या भागातल्या मोबाइल टॉवरवर कुठले क्रमांक होते त्याची यादी काढायची. कोल्हापूरच्या टॉवरवरचा एक क्रमांक मुंबईच्या यादीतही सापडला की धागा हाती लागतो. मग चेहरा ओळखायला त्या भागातला माणूस लागतो. स्थानिक गुन्हे शाखेचा जुना हवालदार चित्रण पाहून सांगू शकतो की हा अमक्या पेठेतला. हे काम पुण्यात बसून कितीही मोठ्या संगणकावर होत नाही.

परराज्यात संशयित सापडला तर तिथल्या ठाण्यात आधी नोंद करायची, स्थानिक पोलीस सोबत घ्यायचे, अटक झाल्यावर तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करून ट्रान्झिट रिमांड घ्यायचा आणि मगच आरोपीला घेऊन परतायचं. या प्रत्येक पायरीवर दुसऱ्या ठाण्याच्या मदतीवर भिस्त असते. तिथल्या अधिकाऱ्यानं मनावर घेतलं तर एका दिवसात होतं, आणि नाही घेतलं तर आठवडा जातो.

या पद्धतीनं एकूण 18 संशयितांना अटक झाली. हाँगकाँगच्या खात्यातली काही रक्कम गोठवली गेली आणि पुढे परतही मिळाली.

2019 ते 2023

मार्च 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं आपल्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. 2021 मध्ये अमेरिकेत कॅनडातल्या एका माणसाला 11 वर्षं 8 महिन्यांची शिक्षा झाली. अमेरिका आणि कॅनडात टोळ्या उभारून चोरीचा पैसा फिरवल्याची कबुली त्यानं दिली होती, आणि त्यात 2018 मध्ये भारतातल्या एका बँकेवर झालेल्या एटीएम हल्ल्याचा पैसाही होता. एप्रिल 2023 मध्ये पुण्यातल्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. नऊ जणांना चार वर्षं आणि दोघांना तीन वर्षं अशा शिक्षा झाल्या.

शिक्षा झालेली माणसं साखळीच्या शेवटच्या कड्या होत्या. हुकूम देणाऱ्यांपर्यंत कुठल्याही एका देशाचा हात पोहोचलेला नाही. परदेशातला पुरावा मागायचा तर न्यायालयाचं विनंतीपत्र, गृह मंत्रालय, सीबीआयमार्फत इंटरपोल अशी वाट चालावी लागते आणि ती महिन्यांची असते. पैसा तीच वाट मिनिटांत चालून गेलेला असतो.

अडथळा कायद्याचा होता का?

‘आमच्या हद्दीतलं नाही, तिकडच्या ठाण्यात जा’ हे वाक्य ऐकलेलं नाही असा फिर्यादी विरळा. म्हणून लोकांना वाटतं की कायद्यानंच पोलिसांचे हात बांधलेले आहेत. तसं नाही, आणि 2018 मध्येही नव्हतं.

तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 156(2) स्पष्ट होतं. अधिकाऱ्याला त्या हद्दीत तपासाचा अधिकार नव्हता, एवढ्या कारणावरून त्याच्या कारवाईला कुठल्याही टप्प्यावर आव्हान देता येत नव्हतं. कलम 166 प्रमाणे एका ठाण्याचा अधिकारी दुसऱ्या ठाण्याला झडती घ्यायला सांगू शकत होता. उशिरानं पुरावा नष्ट होईल असं वाटलं तर तो स्वतःही तिथे जाऊन झडती घेऊ शकत होता. कलम 178 सांगत होतं की गुन्ह्याचे भाग वेगवेगळ्या हद्दींत झाले असतील तर त्यातल्या कुठल्याही हद्दीतल्या न्यायालयात खटला चालतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नं हद्द न पाहता खबर नोंदवून घेण्याची तरतूद थेट कायद्यात आणली. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवण्याची जी पद्धत आधी परिपत्रकांवर आणि निकालांवर चालत होती, तिला आता कलमाचा आधार आहे.

कायद्यानं हद्द आखली ती कामाची वाटणी व्हावी म्हणून. जबाबदारी झटकायला ती वापरली गेली हा व्यवहाराचा दोष आहे, आणि त्याचं एक कारण हिशेबात आहे. कोल्हापूरच्या ठाण्यानं पुण्याच्या गुन्ह्यासाठी चार दिवस माणसं दिली, तर गुन्हा उघडकीला आल्याची नोंद पुण्याच्या खात्यात होते. कोल्हापूरच्या आकडेवारीत त्या चार दिवसांचं चीज होत नाही, उलट तिथलं रोजचं काम तेवढं तुंबतं. मदत करणाऱ्याच्या नावावर मदत लिहिली जात नाही तोवर मदत ही ओळखीपाळखीवर चालणारी गोष्ट राहील.

त्यानंतर काय बदललं?

बदललं आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. 19 ऑक्टोबर 2018 ला, म्हणजे दरोड्यानंतर दहा आठवड्यांनी, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं आदेश काढला की सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तो कळवलाच पाहिजे. 2018 मध्ये हा नियम असता आणि तो पाळला गेला असता, तर शनिवारी रात्रीच घंटा वाजली असती.

पोलिसांच्या बाजूनं सर्वात मोठा बदल आला तो 2021 मध्ये सुरू झालेल्या हेल्पलाइनमुळे. तिचा आजचा क्रमांक 1930. फसवलेला माणूस फोन करतो, ज्या बँकेत पैसा गेला तिला लगेच सूचना जाते, पैसा तिथे असेल तर अडवला जातो, आणि पुढे सरकला असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. पैशाच्या मागे पैशाच्याच वेगानं धावणारी ही आपल्याकडची पहिली व्यवस्था आहे. हद्द कोणाची, हा प्रश्न त्यात नंतर येतो. मेवात, जामतारा, अहमदाबाद, हैदराबाद, चंडीगड, विशाखापट्टणम आणि गुवाहाटी अशी सात केंद्रं धरून वेगवेगळ्या राज्यांच्या पोलिसांची संयुक्त सायबर समन्वय पथकं झाली. संशयित मोबाइल क्रमांक नकाशावर दाखवून त्या त्या हद्दीतल्या पोलिसाला कळवणारी ‘प्रतिबिंब’ ही प्रणालीही आली.

ही व्यवस्था मुख्यतः एकट्यादुकट्या नागरिकाच्या फसवणुकीसाठी उभी आहे. पण फसवणूक संपूर्ण बँकेचीच असेल, कुठलाही ग्राहक फोन करणार नसेल आणि दिवस सुटीचा असेल, तर काय? कॉसमॉसचा शनिवार नेमका तसा होता.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, प्रत्येक पोलीस आयुक्तालयात आणि जिल्ह्यात चोवीस तास, सुटीच्या दिवशीसुद्धा, असा एक अधिकारी हवा जो बँकेचा फोन घेईल आणि लेखी पत्राची वाट न पाहता दुसऱ्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवेल. अमक्या चौकातल्या एटीएमवर माणूस पाठवा, एवढा निरोप कोल्हापूरला पाच मिनिटांत पोहोचला पाहिजे. दुसरी, मदत करणाऱ्या ठाण्याची मदत त्याच्या स्वतःच्या कामगिरीत मोजली गेली पाहिजे. तिसरी, बँका आणि पोलीस यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र सराव केला पाहिजे, आणि तो सुटीच्या दिवशी, मोजकीच माणसं कामावर असताना. कार्डं कुणी थांबवायची, स्विफ्ट कुणी बंद करायची, पोलिसांना कुणी कळवायचं आणि पोलिसांनी कुणाला, हे त्या सरावात नावानिशी ठरलेलं असावं.

यासाठी नवा कायदा लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. सहकारी बँकांच्या संचालक मंडळांनी आपल्या शहराच्या पोलीस आयुक्तांना किंवा जिल्ह्याच्या अधीक्षकांना पत्र लिहून सरावाची तारीख मागावी, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारकांनी संचालकांना विचारावं की तो सराव झाला का. बँक भागधारकांची आहे, आणि ठेव ठेवणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाचं उत्तर मिळण्याचा हक्क आहे.